संडे स्कूल: "त्या मुलाला कोणी विचारलं होतं का?" याला काय उत्तर द्यायचं?

वास्कोची_ताई:

सगळ्यांना नमस्कार. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

मी मूळची मिरजेची, लग्न होऊन वास्कोत आले त्याला चौदा वर्षं झाली. आमची मराठी मंडळी लहान आहे, चाळीसेक घरं. बंदरातले, रेल्वेतले, काही नेव्हीतले. हॉल भाड्याचा, त्याचे चारपैकी दोन पंखे चालतात. भक्तीच्या आधी पाऊण तास संडे स्कूल असतं (सासूबाई अजून 'शब्बाथ शाळा'च म्हणतात) आणि सात ते अकरा वयाची अकरा मुलं माझ्याकडे असतात. मी शिक्षिका नाही. आठवडाभर जहाजांना किराणा पुरवणाऱ्या एका दुकानाचे हिशेब लिहिते. मुलांचं मला जमतं असं कोणीतरी ठरवलं आणि वर्ग माझ्या गळ्यात पडला.

आता प्रसंग. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी धडा होता पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा (एका मुलाजवळच्या तेवढ्या शिदोरीत येशूने पाच हजारांना जेवू घातलं आणि वर बारा टोपल्या उरल्या, ती गोष्ट). मी चित्राचा तक्ता लावला आणि सुरुवात केली. पहिला हात वर: "टीचर, मासे कुठले?" मी म्हटलं, मासे म्हणजे मासे. हे उत्तर वास्कोतल्या पोरांना चालत नाही. तारले की बांगडे यावर जुंपली. एकजण म्हणाला दोनच आहेत म्हणजे विसवण, मोठा मासा, असणार, तारले कोणी दोन नेतं का. दुसरी म्हणाली, भाकरीसुद्धा पाचच, आमच्या घरी सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) सात पोय घेतात तरी दादा भांडतो. मी सगळ्यांना गप्प केलं. वेळ जात होता, सोनेरी वचन, म्हणजे त्या रविवारचं बायबलमधलं वचन, पाठ करून घ्यायचं होतं.

मग एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील खारीवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरचं इंजिन बघतात. सध्या मासेमारीबंदी आहे, ते घरी असतात, म्हणून हल्ली तो वेळेवर येतो. म्हणाला, "त्या मुलाला विचारलं होतं का?"

"कुठल्या मुलाला?"

"ज्याचा डबा घेतला त्याला."

मी सांगून टाकलं, "त्याने आनंदाने दिला."

"कुठे लिहिलंय?"

मी योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला. नवव्या वचनात येशूचा शिष्य आंद्रिया सांगतो की इथे एक मुलगा आहे, त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. दहाव्यात लोकांना बसवतात. अकराव्यात येशू भाकरी घेतो आणि उपकार मानतो. मुलगा? मुलगा नवव्या वचनात दिसतो आणि पुन्हा कुठेच दिसत नाही. त्याने दिल्या, नाही दिल्या, रडला, हसला, काही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं. अकरा पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

चाळीस वर्षं मी ही गोष्ट ऐकतेय, पाच-सहा वेळा स्वतः सांगितलीय, आणि दर वेळी माझा तो मुलगा हसत हसत डबा पुढे करतो. आमच्या तक्त्यावरसुद्धा तो हसतोय. ते हसू कोणी काढलं, कोणास ठाऊक.

मी म्हटलं, "खरंच की, लिहिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?" आणि पुढची पंचवीस मिनिटं हॉलमध्ये बाजार भरला. एकजण म्हणाला, आईने डबा भरून दिला असेल, रिकामा घेऊन गेला म्हणून मार बसला असेल. दुसरी म्हणाली, बारा टोपल्या उरल्या ना, त्यातली एक त्याला दिली असणार. (टोपली उचलायला तो मोठा होता का, यावर आणखी पाच मिनिटं.) आणि एक मुलगी, जी वर्षभरात माझ्याशी 'प्रेझेंट टीचर' याखेरीज एक शब्द बोललेली नाही, ती तक्त्याकडे बघत म्हणाली, "माझ्याकडून पण घेतात. विचारत नाहीत. बाबूला देतात." बाबू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मला काय बोलावं सुचेना. नुसतं "हं" म्हटलं.

सोनेरी वचन राहिलं.

त्या आठवड्यात दोन तक्रारी आल्या. एका आईची: मुलगा घरी प्रत्येक गोष्टीला 'कुठे लिहिलंय' म्हणतो, अंघोळीलासुद्धा. दुसरी कमिटीतल्या एका काकांची: नोव्हेंबरात परीक्षा आहे, निम्मी वचनं अजून झालेली नाहीत, मुलांना श्रद्धा शिकवायची की वाद घालायला शिकवायचं? पाळकसाहेब भले आहेत. ते एवढंच म्हणाले, "वेळ सांभाळ."

काकांचं मला अगदीच चूक वाटत नाही. पण एक कबूल करते. आजवर मी वर्गात प्रश्न विचारत नव्हते असं नाही. नोहाने काय बांधलं? दाविदाने कोणाला मारलं? उत्तर मला ठाऊक, मुलांना ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हेही मुलांना ठाऊक. तो सगळा खेळ इतका अंगवळणी पडलाय की मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या काहीही विचारलं तरी "येशू!" म्हणतो, कारण बहुतेक वेळा बरोबर येतं. एकदा मी चिडून विचारलं, दाराची कडी कोणी काढली? "येशू!"

तर तुम्ही मुलांच्या प्रश्नांना जागा कशी देता? आणि ज्याचं उत्तर नाही त्याचं काय करता?

डिचोलीचे_निवृत्त_मास्तर:

ताई, मी तुमच्या धर्माचा नाही, पण देवळाच्या सभामंडपात दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. श्लोक, थोडी गोष्ट, शेवटी चणे-गूळ. त्याआधी प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं घालवली. म्हणून बोलायचं धाडस करतो.

तुमचा तो मुलगा वाचून मला नचिकेता आठवला. बाप यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान देतोय हे पोराने पाहिलं आणि विचारलं, मला कोणाला देणार? एकदा नाही, तीनदा. बाप वैतागून म्हणाला, मृत्यूला. कठोपनिषद तिथून सुरू होतं. मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी पालक विचारतात की यातून मुलांनी वडिलांना उलट बोलायला शिकायचं का. तेव्हा तुमचे काका एकटे नाहीत. मी त्यांना गीतेतला चौथा अध्याय दाखवतो. ज्ञान कसं मिळवायचं, तर प्रणिपाताने, परिप्रश्नाने, सेवेने. नमस्कार आणि प्रश्न एकाच ओळीत आहेत.

आता एक कामाची गोष्ट. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेपवर घेऊन मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे मला एका प्रशिक्षणात कळलं तेव्हा माझी वीस वर्षं सरली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मनातल्या मनात 'राम, राम, राम' म्हणत थांबून पाहिलं. तीन सेकंद किती लांब असतात ते करून बघाच.

आणि त्या मुलीविषयी. तिने तुम्हाला प्रश्न विचारलेला नाही, काहीतरी सांगितलंय. बाकीचं पोरांचं बोलणं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

नगरकर_आजोबा:

भगिनी, सलाम. मी एक्केचाळीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली आहे. तुमच्या कमिटीतल्या काकांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितो.

पाठांतराला हल्ली सगळे हसतात. माझ्या पत्नीला पक्षाघात झाला तेव्हा तिची वाचा गेली. माझं नाव तिला आठवेना, पाणी हा शब्द येईना. तिसऱ्या आठवड्यात मी उशाशी बसून 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' सुरू केलं आणि ती माझ्याबरोबर तेविसावं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणाली. एक शब्द चुकला नाही. ते तिने सात वर्षांची असताना, अर्थ कळत नसताना, छडीच्या धाकाने पाठ केलं होतं. त्या वेळी तिला कोणी "तुला काय वाटतं" विचारत बसलं असतं तर त्या दिवशी तिच्या तोंडी काय आलं असतं?

म्हणून सांगतो, आधी कोठीत धान्य भरा, मग दळायला बसा. पाऊण तासातली पंचवीस मिनिटं टोपलीच्या आकारावर घालवणं मला पटत नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्या मुलाच्या बाजूची आहे, ती लपवत नाही. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती कारखान्यांत राबणाऱ्या गरिबांच्या पोरांसाठी. तिथे टाचण्या बनवायचे कारखाने होते. सहा दिवस काम, सुटी फक्त रविवारची. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचं, म्हणजे पवित्र शास्त्र स्वतःचं स्वतः वाचता येईल. पोराच्या हाती पुस्तक दिलं की ते 'कुठे लिहिलंय' विचारणारच. तो उर्मटपणा नव्हे, त्याला वचनच हवंय. त्या अंघोळीवाल्याच्या आईला मात्र माझी सहानुभूती कळवा.

वास्कोची_ताई:

आजोबा, तुमचं वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. वचनं मी सोडणार नाही, शब्द देते.

मास्तर, तीन सेकंद करून बघते. मुलीचं लक्षात आहे.

सासष्टीची_माय:

मी कॅथलिक, घर सासष्टीत, मराठी माझं सावंतवाडीच्या आजोळचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे या धर्मशिक्षणाच्या वर्गाला दोतोर्न म्हणतात. तुम्हा सगळ्यांना वाटतंय की प्रश्न असला म्हणजे मूल विचार करतं. अहो, आमचं सगळं दोतोर्न प्रश्नोत्तरांचंच होतं! देव कोण? देव किती? पण प्रश्नही छापील, उत्तरही छापील. शिकवणाऱ्या बाई प्रश्न म्हणायच्या आणि आम्ही वीसजणी एका सुरात उत्तर. मधेच एखादा प्रश्न गळला तरी आमचं पुढचं उत्तर चालू. मी एकदा माझा स्वतःचा विचारला होता: जगात आदांव आणि एवाचीच (आदाम-हव्वेचीच) मुलं, मग त्यांच्या काईनाने लग्न कोणाशी केलं? गुडघ्यांवर बसवलं मला, खडबडीत फरशीवर. उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

ही पद्धत आमच्याकडची फार जुनी. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं क्रिस्तपुराण तुम्हा मराठीवाल्यांना माहीत असेल, ओव्यांतलं, 1616 साली इथेच राशोलला छापलेलं. पण त्यांनी मुलांसाठी कोंकणीत एक दौत्रिन, म्हणजे धर्मशिक्षणाचं पुस्तकही, लिहिली होती. ती त्यांच्या मरणानंतर, 1622 मध्ये राशोललाच छापली. तिच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की मुलांना शिकवण्यासाठी संवादाच्या रूपात मांडलेली. चारशे वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचलं की पोरांना नुसतं सांगून भागत नाही, समोरासमोर बोलावं लागतं. पुढे त्या संवादाचा पाढा झाला, तो दोष त्या फादरचा नव्हे.

आता मी स्वतः आमच्या वाड्यावर दोतोर्न घेते. पाठ करून घेतेच, आजोबांशी मी सहमत आहे. पण शेवटची दहा मिनिटं माझ्या हातात पुस्तक नसतं. त्या वेळात मी बोलायचं ते "माहीत नाही" किंवा "फादराला विचारूया" एवढंच. पहिला महिना कोणी काही विचारलं नाही. मुलांना वाटलं मी परीक्षा घेतेय. मग एकाने विचारलं, कुत्रा सर्गार जाता? (कुत्रा स्वर्गात जातो का?) त्यानंतर थांबले नाहीत.

ग्रीक_शिकतोय:

ताई, तुमच्या मुलांचा पहिला प्रश्न (तुम्ही गप्प केलेला) मला फार आवडला, म्हणून फक्त त्याबद्दल.

मत्तय, मार्क आणि लूक हीच गोष्ट सांगताना माशासाठी साधा 'इख्थुस' हा शब्द वापरतात. योहान मात्र 'ओप्सारिओन' म्हणतो. त्याचा रोख भाकरीबरोबर खायच्या तोंडीलावण्याकडे आहे, म्हणजे शिजवलेली किंवा खारवलेली लहान मासळी. म्हणजे विसवण बाद. तुमच्याकडच्या सुक्या मासळीच्या जवळपास काहीतरी धरा. भाकरी जवाच्या होत्या हेही एकटा योहानच सांगतो. जव हे गरिबाचं धान्य, गहू महाग. तेव्हा "मासे कुठले" आणि "पाचच भाकरी कशा पुरतील" हे प्रश्न विषय सोडून नव्हते. त्या डब्यावरून ते घर कसं होतं हे कळतं. आणि मुलगासुद्धा फक्त योहानातच आहे, बाकी तिघांच्या गोष्टीत तो मुळी नाहीच.

अजून एक. त्या अध्यायाची सुरुवात बघा. येशू फिलिप्प या शिष्याला विचारतो, यांना खायला भाकरी कुठून विकत आणायच्या? लगेच पुढच्या वचनात योहान सांगून टाकतो की आपण काय करणार हे येशूला ठाऊक होतं, फिलिप्पाला पारखायला विचारलं. म्हणजे तुमच्या 'नोहाने काय बांधलं'च्याच जातीचा प्रश्न म्हणा ना! फरक असा की फिलिप्पाला उत्तर माहीत नव्हतं. तो तुमच्यासारखाच हिशेबी माणूस, त्याने दोनशे दिनारांचा आकडा काढून दाखवला आणि तेवढ्यानेही पुरणार नाही म्हणाला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

तुमच्या काकांना लूकचा दहावा अध्याय वाचायला द्या. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू त्याला वाटेत जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, ज्याला दोघे टाळून जातात आणि तिसरा, यहुद्यांना परका असलेला शोमरोनी, मदत करतो. गोष्ट सांगून झाल्यावर उत्तर मिळत नाही, उलट प्रश्न मिळतो: या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? आणि शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दसुद्धा निघत नाही. 'त्याच्यावर दया करणारा' असं म्हणून वेळ मारून नेतो. मला ते माणसाचं अवघडणं फार खरं वाटतं.

वास्कोची_ताई:

परवाच्या रविवारचं कळवते.

वचन आधी उरकलं, मागचं आणि या आठवड्याचं, दोन्ही. वीस मिनिटं लागली. काका दारातून डोकावून गेले, त्यांच्या कानावर पडेल अशा बेताने मी जरा मोठ्याने म्हणवून घेतलं. मग ओप्सारिओन सांगितला. तारलेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, विसवणवाला नाराज.

तीन सेकंद भयंकर असतात, मास्तर. मी 'राम'च्या जागी टेबलावर बोटाने टकटक करत होते. दोन सेकंदांत मला घाम फुटला. तिसऱ्याला मागच्या बाकावरून आवाज आला, आणि तो "येशू" नव्हता. पठ्ठ्या म्हणाला, "टीचर, प्रश्न परत सांगा."

त्या मुलीकडे मी काही विचारपूस केली नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. फक्त फळ्यावर वचन लिहिताना माझा खडू संपला आणि कागदावर लिहायला पेन्सिल हवी होती. पुढच्याच बाकावर तिची नवीन पेन्सिल होती, टोक केलेली. एरवी मी सरळ उचलली असती. विचारलं, "घेऊ का?" तिने मान हलवली, नाही. मी बरं म्हटलं आणि शेजारच्या मुलाची घेतली. वर्ग सुटताना ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, आणि गेली. तिच्या आईशी एकदा बोलायचंय, पण कसं सुरू करू ते अजून ठरत नाही.

डबावाल्या मुलाचे वडील या वेळी आत येऊन शेवटच्या बाकावर बसले होते, छत्री गळत होती पायाशी. सगळं ऐकलं. मला वाटलं आता तिसरी तक्रार. पोरं पांगल्यावर ते पुढे आले. म्हणाले, बंदी उठायला बारा दिवस आहेत, तोवर मीच आणतो याला. मग तक्त्याकडे बघत जरा घुटमळले.

"ताई, एक विचारू? बारा टोपल्या उरल्या त्यात मासेपण होते का?"

योहानात फक्त भाकरीचे तुकडे आहेत. मी मार्क काढला, सहावा अध्याय, शेवटाकडे. मार्क म्हणतो, माशांचेही होते.

"मग त्यांचं काय केलं? बर्फ तर नव्हता."

कोणाला ठाऊक असेल तर कळवा. त्यांना पुढच्या रविवारी सांगते म्हटलंय.